अकरा खणांची मावशी

मावशीच्या माळ्यावर एक भाडेकरू असा होता की त्याने कधी भाडं दिलं नाही आणि कधी जागाही सोडली नाही. तो म्हणजे संशय. दूधवाला समोर उभा राहून दूध ओतायचा, तरी ही मापाच्या बुडाला बोट लावून बघायची. घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलं तर ते आपोआप गेलं हे तिला पटायचं नाही. मांजर जरा लाडात येऊन पायाशी घोटाळलं की ही विचारायची, "काय सांडलंस गं?" नवरा गेला तेव्हा चार लोक भेटायला आले, रडले, चहा पिऊन गेले. ते जिना उतरायच्या आत हिने कप मोजून घेतले. "रडणाऱ्याचे हात मोकळेच असतात," असं तिचं म्हणणं.

आता असल्या बाईला माणसं सोडून जायला हवीत की नाही? पण जागा अशी होती की येणाऱ्या बाया मावशीच्या शंभर शंका पोटात घालून राहायच्या.

बाजाराच्या मागच्या गल्लीत एक जुनं गोदाम होतं. खाली गोण्यांचं दुकान आणि वर हा माळा, चव्वेचाळीस फूट लांब. मावशीचा नवरा सुतार. गरीब स्वभावाचा, हाताने हुशार आणि आकड्यांत भोळा. दोघांनी ठरवलं की या माळ्यावर नोकरी करणाऱ्या एकट्या बायांची सोय करायची. त्याने लांब भिंतीला धरून अकरा खण काढले. माथ्यावरून उंच जाणाऱ्या फळ्या, वर छतापाशी हवेला मोकळं, पुढे प्रत्येकीला दार आणि दाराला आतून कडी. चव्वेचाळीस भागिले अकरा, म्हणजे चार फुटांचा एक खण. हिशोब सरळ.

सरळ खरा, पण मधल्या दहा फळ्यांची जाडी कोण धरणार? चौकटीसकट दीड इंचाची एकेक फळी. दीड-दीड करत सव्वा फूट जागा फळ्यांनीच खाल्ली आणि शेवटचा खण उरला पावणेतीन फुटांचा. ही चूक सुतारकाम शिकणारं पोर पहिल्या वर्षी करतं आणि कानफटात खाऊन सुधारतं. याने चाळिशीत केली. मावशीने टेप लावून पाहिला, पुन्हा लावला आणि कमरेवर हात ठेवून विचारलं, "अहो, सव्वा फूट कोणाला देऊन आलात?"

नवरा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं.

तो अकरावा खण मावशीने स्वतःला घेतला. अडीच फुटांची खाट टाकल्यावर तीन इंच उरायचे, त्यामुळे खाटेवर पायथ्याकडून रांगत चढायचं. हिच्या अंगाला रोज फळी घासणार म्हणून नवऱ्याने तेवढी फळी तीनदा रंधून दिली होती. इतकी गुळगुळीत की झोपताना हात फिरवावासा वाटे. तो गेल्यानंतर अकरा वर्षं मावशी त्याच फळीला पाठ लावून झोपत होती. हे मात्र तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, बाई मऊ आहे.

आता तिच्या पोटातली खरी धास्ती सांगतो. नगरपालिकेच्या कागदावर परवानगी होती सहा खाटांची. माळ्यावर होत्या अकरा. दरवर्षी एक तपासनीस यायचे. त्यांचे गुडघे गेलेले. ते जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून वर तोंड करून ओरडायचे, "मावशी, सहाच ना?" मावशी वरून ओरडायची, "सहाच!" की झाली सही. या गुडघ्यांवर मावशीचं घर उभं होतं म्हणा ना! आणि ते तपासनीस त्या वर्षी निवृत्त झाले. खालचा गोणीवाला वर येऊन सांगून गेला, "नवा साहेब तरुण आहे हो. तीन-तीन जिने पळत चढतो."

त्याच आठवड्यात हातात वही घेतलेली एक बाई आली; तिला सगळ्या वहीवालीच म्हणू लागल्या.

वय पन्नाशीचं, चष्मा, पायात चांगल्या चपला, बोलणं शुद्ध. आठव्या खणातली मुलगी लग्न होऊन गेली होती, तो खण हवा म्हणाली. मावशीच्या मनात लगेच पाल चुकचुकली. अशा चपलांची बाई चार फुटांत राहायला कशाला येईल?

"घर नाही का तुम्हाला?" मावशीने विचारलं.

"आहे ना."

"मग भांडून आलात?"

"नाही हो. मला खणात राहून बघायचंय."

राहून बघायचंय! मावशीने उभ्या आयुष्यात असलं कारण ऐकलं नव्हतं. नाही म्हणावं तर बाहेर जाऊन काय बोलेल कोण जाणे, त्यापेक्षा डोळ्यांसमोर असलेली बरी, असा विचार करून तिने किल्ली दिली आणि त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून पाळत सुरू केली.

पाळत ठेवण्यासारखं होतंही. वहीवाली सगळ्यांना प्रश्न विचारायची. पाचव्या खणात एक नर्स होती, रात्रपाळी करून दिवसा झोपणारी. तिला विचारलं, "तुम्ही या जागेला काय म्हणता? खोली का नाही म्हणत?" नर्स म्हणाली, "खोलीला छत असतं. याला कडी आहे, म्हणून खण." ते लिहून घेतलं. तिसऱ्या खणातल्या शिवणवालीला विचारलं, "कपाटातला खण आणि हा खण, तुम्हाला एकच वाटतो का?" शिवणवाली म्हणाली, "एकच. त्यात कपडे घडी घालून ठेवतात, यात मला." सगळ्या हसल्या. फळ्यांवरून हसणं या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. तेही वहीवालीने लिहिलं. मावशी मोरीत भांडी घासत होती. हातातलं भांडं तसंच धरून ती ऐकत राहिली. हसण्यासारखं त्यात काय होतं?

मग एक दिवस वहीवाली टेप मागायला आली.

"कशाला?"

"मापं घ्यायची होती."

मावशी म्हणाली, टेप हरवला. टेप तिच्या कमरेलाच खोचलेला होता. वहीवालीने तो बघितला आणि ती वितींनी मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती अंघोळीला गेली तशी मावशी आठव्या खणात शिरली. वही उशीवर उघडीच पडली होती. लपवलेलीसुद्धा नाही, म्हणजे किती निर्ढावलेली! पानावर लिहिलं होतं: "खण एकूण अकरा. दहा सारखे, शेवटचा अरुंद. कोणी घातले? केव्हा? किती जणी राहतात?"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला त्या चार ओळींत सगळं लख्ख दिसलं. नवा साहेब, तपासणी, कुलूप, आणि रस्त्यावर अकरा ट्रंका.

संध्याकाळी तिने वहीवालीला मुद्दाम चहाला बोलावलं. आडून आडून विचारायला गेली, पण ताकाला जाऊन भांडं किती वेळ लपवणार? शेवटी सरळ म्हणाली, "बाई, खरं सांगा, तुम्ही करता काय?"

"मी शब्द जमवते."

मावशीने कप खाली ठेवला. "भंगार जमवणारे पाहिलेत मी. शब्द जमवून काय मिळतं?"

"कोश तयार करतो आम्ही. या खणाच्याच मागे लागलेय सध्या," वहीवाली खुलून बोलायला लागली. कोणी शब्द विचारला की तिला बरं वाटायचं, बिचारीला कोण विचारणार! "बघा, सुतार काय म्हणतात? दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. घराचं मापसुद्धा खणांत सांगत, चार खणांचं घर, पाच खणांचं घर. मग पेटीतला, कपाटातला कप्पाही खण झाला. पण मुळात हा आला कुठून? कोणी खणण्याशी नातं जोडतं, की जागा पोखरून काढली. मला ते पटत नाही. मला वाटतं तो खंडातून आला. खंड म्हणजे तुकडा. अख्ख्या जागेचा आपल्या वाट्याला आलेला तुकडा. तुमच्या यजमानांनी या फळ्या घातल्या म्हणे, तेव्हा ते काय म्हणत?"

"ते काही म्हणत नसत. मुके होते," मावशी म्हणाली. मेलेल्या माणसालाही तिने साक्षीला उभं राहू दिलं नाही.

वहीवाली जरा गोंधळली. मग म्हणाली, "मी इथेच का आले, तेही सांगते. पालिका आता या शब्दाचा नियमात—"

पालिका! बस्स. मावशीला पुढचं ऐकू आलंच नाही. म्हणजे ओठ हलताना दिसत होते, पण कानात नुसता ठोका पडत होता. "चुलीवर पाणी ठेवलंय," म्हणत ती उठली ती परत आलीच नाही. वहीवाली बिचारी थंड चहा पिऊन आपल्या खणात गेली. सकाळी तिने दारात येऊन सांगितलं, "मावशी, मी आठ दिवस बाहेर जातेय. नोंद लिहून द्यायची आहे. माझा खण ठेवा हं, मी येणार आहे परत."

"नोंद द्यायची आहे" एवढंच मावशीच्या डोक्यात राहिलं.

तिने दिवसभर विचार केला. खाटा मोजतात, तर खाटा घडीच्या आहेत, दिवसा उचलून गच्चीत टाकता येतात. बायांना बाहेर पाठवता येतं. पण फळ्या? त्या तर बोंब मारून सांगणार, अकरा, अकरा, अकरा. खणच नसले तर तो साहेब मोजणार काय, कपाळ?

दुसऱ्या दिवशी गोणीवाल्याकडचे दोन हमाल वर आले, हातोडे आणि करवत घेऊन. मावशीने स्वतः पुढे उभं राहून फळ्या काढवल्या. पहिली कोणती काढायची, असं हमालाने विचारलं तेव्हा तिने शेवटच्या खणाकडे बोट दाखवलं. तो अरुंद होता, वहीत तोच वेगळा लिहिलेला, म्हणजे पहिला पुरावा तोच. हमाल म्हणाला, "मावशी, ही फळी फार सुरेख रंधलीय. ठेवून देऊ का?" मावशीने फळीकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "ठेवून कोणाला दाखवायचीय? चीर." ढीग रचून ठेवला तर तोही पुरावाच, म्हणून सगळ्या फळ्या, चौकटी, दारं चिरून मोरीतल्या चुलीशी लावली. आठ दिवस बायांचं अंघोळीचं पाणी त्यावर तापलं. लाकूड जुनं, छान वाळलेलं. असं पाणी कधी तापलं नव्हतं म्हणे.

बायांना तिने सांगितलं, "चार दिवसांचा प्रश्न आहे. दुरुस्ती आहे. कळ काढा."

एक सांगू? दोन माणसांच्या मधली फळी काढली की माणसं जवळ येतील, असं आपल्याला वाटतं. इथे उलटंच झालं. फळ्या होत्या तोवर या बाया वरून एकमेकींना साबण द्यायच्या, विनोद करायच्या, एकीला खोकला झाला की दुसरी पलीकडून औषध सांगायची. फळ्या गेल्या आणि माळा गप्प झाला. सगळ्या भिंतीकडे तोंड करून निजू लागल्या. फोनवाली म्हणून एक होती, केसांचा मोठा अंबाडा घालायची. तो खोटा निघाला, खाली टक्कल होतं आजारपणातलं. कोणी हसलं नाही, पण तिने दुसऱ्या दिवशी ट्रंक उचलली. शिवणवालीला दर आठवड्याला नवऱ्याचं पत्र यायचं, ती मोठ्याने वाचून दाखवायची. आता सगळ्यांनी पाहिलं की ती रविवारी बसून स्वतःच ते पत्र लिहिते. ती तर निरोपही न घेता गेली. नर्स दिवसा डोळ्यांवर टॉवेल बांधून पडायची आणि कोणी चमचा पाडला की दचकून उठायची.

सहाव्या दिवशी चार जणी उरल्या होत्या, आठव्या दिवशी एकटी नर्स. मावशी प्रत्येकीच्या मागे जिन्यापर्यंत जायची आणि परत येऊन पुटपुटायची, "ही पण फितूर. हिलाही कळलं असणार तपासणी आहे ते." खुद्द मावशीलाही झोप नव्हती. खाट होती, ऐसपैस जागा होती, पण रोज जाग आली की हात भिंतीच्या उलट बाजूला जायचा आणि हवेत पडायचा. त्याचा तिला राग यायचा. कोणाचा, ते तिला सांगता आलं नसतं.

नवव्या दिवशी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. भराभर, तरुण. मागून एक सावकाश चप्पल. मावशीने वरून वाकून पाहिलं. पुढे फाईल घेतलेला साहेब, मागे वहीवाली.

"पकडलं!" मावशी मनात म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा एकही संशय असा सोळा आणे खरा उतरला नव्हता. तिला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, तिला आनंद झाला. तिने पदर खोचला, दार सताड उघडलं आणि बाजूला झाली. "या साहेब! मोजा काय मोजायचं ते."

वहीवाली हसत आत आली. "साहेब, म्हटलं होतं ना, कागदावर वाचण्यापेक्षा उभे खण दाखवते तुम्हाला—" आणि थांबली. चव्वेचाळीस फूट लांब, रिकामा माळा. जमिनीवर फळ्यांच्या जुन्या खुणा. कोपऱ्यात नर्स टॉवेल बांधून झोपलेली.

"मावशी, खण कुठे गेले?"

"कसले खण?" मावशी म्हणाली. "इथे कधीच नव्हते. सहा खाटांची परवानगी आहे, सध्या एकच आहे. लिहा."

साहेब पोरगेलाच होता, चांगल्या घरचा वाटत होता. त्याने फाईल उघडली, मग मिटली. "मावशी, तुम्हाला यांनी सांगितलं नाही का? नियम बदलला. आता खाटा मोजत नाही आम्ही. एकट्या बायांसाठी जिथे आडोसा आहे, आतून कडी आहे, तिथे जितके खण तितक्या जणींची परवानगी. तो खण म्हणजे नक्की काय, हे नियमात लिहायला यांनीच दिलं. तुमच्या जागेवरून लिहिलं. सगळ्यात पहिली परवानगी तुम्हाला द्यायची म्हणून मी स्वतः आलो. अकराची."

मावशी त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. यात काय डाव असेल, ते तिने शोधून पाहिलं. चारही बाजूंनी शोधलं. सापडला नाही.

"खण नसतील तर मात्र मला काहीच देता येणार नाही," साहेब म्हणाला. "जुनी सहाचीही रद्द होते. पण काढून ठेवले असतील ना? फळ्या आहेत ना? परत ठोकून घ्या. मी पंधरा दिवस थांबतो."

"माझ्याकडे मापं आहेत," वहीवाली घाईघाईने म्हणाली. "वितींची आहेत, पण आहेत. जसेच्या तसे उभे करता येतील. मावशी, फळ्या कुठे ठेवल्यात?"

कोपऱ्यातली नर्स उठून बसली होती. तिनेच मोरीकडे बघत सांगितलं, "जाळल्या त्यांनी. आम्ही सगळ्यांनी अंघोळी केल्या त्यावर."

"सगळ्या?" वहीवालीने विचारलं. "तो शेवटचा, अरुंद खण... मोजताना माझ्या हाताला लागलेली त्याची ती गुळगुळीत फळीसुद्धा?"

"ती तर पहिली," मावशी म्हणाली.

एवढं बोलली आणि तिचे गुडघेच गेले. ती जमिनीवर बसली, परक्या माणसासमोर, पदर सावरायचंही तिला सुचलं नाही. "माझ्या माणसाच्या हातचं तेवढंच राहिलं होतं हो माझ्याकडे," ती म्हणाली. "तीनदा रंधली होती त्याने. माझ्या अंगाला लागू नये म्हणून. आणि मी... कोणी मागितली नव्हती, कोणी विचारली नव्हती. माझी मीच नेऊन चुलीत घातली."

साहेबाने फाईल काखेत मारली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. वहीवाली मावशीच्या शेजारी जमिनीवर बसली. नर्सने चादर घडी केली, पिशवीत भरली, आणि जाताना मावशीच्या खांद्यावर थोडा वेळ हात ठेवला. मावशीने तो झटकला नाही.